नाकाची सर्जरी केल्यावर नक्की काय काय होतं?

घोडबंदरवाली: वय २७. लहानपणी सायकलवरून पडले, तेव्हापासून नाकाच्या दांडीवर उंचवटा आहे. तो काढून घ्यायचा विचार आहे. आई म्हणते, "चांगलं नाक आहे की, कशाला चाकू लावून घेतेस?" किती दिवस घरी बसावं लागेल? चष्मा आहे आणि रोज ठाणे-ऐरोली लोकल.

नेरुळकर ताई: मी दोन वर्षांपूर्वी केली. पूर्ण भूल देतात. दुखलं फारसं नाही, पण नाक चोंदलेलं, घशाला कोरड, दोन रात्री तीन उशांना टेकून बसून काढल्या. डोळ्यांखाली काळंनिळं. वॉचमनकाका म्हणाले, "ॲक्सिडेंट झाला काय?" आठवड्याने नाकावरचं स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) निघालं आणि आरशात बटाटा! ढसाढसा रडले. सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागतं, शेंड्याची सगळ्यात शेवटी. बाराव्या दिवशी ऑफिसला गेले, पण लोकलमध्ये कुणाचं कोपर लागेल या धास्तीने महिनाभर सकाळी सहाची गाडी. चष्मा कित्येक आठवडे नाकावर टेकवायचा नाही. मी टेपने कपाळाला चिकटवायचे. ध्यान दिसायचे!

कळव्याचा: एका नाकपुडीतून श्वास कमी येतो का? पडल्यामुळे आतला पडदा वाकडा झालेला असू शकतो, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. निव्वळ दिसण्यासाठीच्या सर्जरीला मेडिक्लेम सहसा मिळत नाही, पडद्याच्या दुरुस्तीला मिळू शकतो.

घोडबंदरवाली: अहो, उजवी बाजू कायम बंदच असते! मी इतकी वर्षं सर्दी समजत होते.