प्रतिसाद: छोट्या हत्तीने स्विफ्ट ओढावी का?

मोहोळजवळ बंद पडलेली स्विफ्ट छोट्या हत्तीने (टाटा एस टेम्पोने) सोलापुरात आणायची का, या प्रश्नावर वर एकाने "दोर बांधा आणि निघा" म्हटलंय. दोराचं नंतर बघू, आधी वजन बघा की ओ! रिकामा छोटा हत्ती आणि स्विफ्ट जवळपास सारख्याच वजनाचे. ओढेल तो आरामात. अडचण थांबताना येते. रिकाम्या गाडीची मागची चाकं हलकी असतात, म्हणून हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलवर सिमेंटची चार-पाच पोती टाका.

मागच्या गाडीत लायसन्सवाला, जाणता माणूस हवा. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड. चावी ऑनवर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. मागच्याने अधूनमधून हलका ब्रेक लावून दोर ताणलेला ठेवायचा. ढिला पडून झटका बसला की दोर तुटतो, नाहीतर हूक उपटतो.

स्विफ्टचा हूक टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं झाकण काढून तो पूर्ण आवळा. छोट्या हत्तीकडे दोर चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला बांधा. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) कडीला बांधणारे महाभाग पाहिलेत मी.

नियमाने दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ च्या आत, आणि ओढायचं जवळच्या गॅरेजपर्यंतच. पुणे हायवेवर ट्रॅव्हल्सवाले मागून सुसाट येतात, त्यात रात्री तर नकोच. मोहोळातच मेकॅनिक गाठा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर सरळ क्रेन बोलवा.