मदत हवी आहे: पेशीतला ऊर्जेचा बदल हे कॅन्सरचं कारण की परिणाम?

नमस्कार मंडळी,
सेमिनारसाठी वारबुर्ग परिणाम घेतलाय आणि एका जागी गाडी अडलीय. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९२० च्या दशकात दिसलं की ऑक्सिजन मुबलक असूनही गाठीतल्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करत बसतात. त्यातून एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). पूर्ण ज्वलन झालं तर साधारण ३० ते ३२. भराभर वाढणाऱ्या पेशीला हा आतबट्ट्याचा व्यवहार परवडतो कसा?

वारबुर्गच्या मते आधी श्वसन बिघडतं आणि त्यातून कॅन्सर होतो. पण बऱ्याच गाठींत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली श्वसनाची केंद्रं) व्यवस्थित चालू असतात. उलट मिकसारखी (MYC) पेशीवाढ चालवणारी जनुकं बेलगाम झाली की ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज तोडायची ही पहिली वाट, वाढतं. मग हा नुसता परिणामच ना?

(‘साखर सोडा, गाठ उपाशी मरेल’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.)

प्रतिसाद १:
एटीपी मोजणं आधी थांबवा. एकाच्या दोन पेशी व्हायच्या तर न्यूक्लिओटाइड, मेद, अमिनो आम्लं असा कच्चा मालही लागतो. ग्लायकोलिसिसच्या मधल्या टप्प्यांवरूनच रायबोज (न्यूक्लिओटाइडसाठी), एनएडीपीएच (मेद बनवण्यासाठी), सेरीन (एक अमिनो आम्ल) यांच्याकडे वाटा फुटतात. अर्थात बराचसा कार्बन लॅक्टेट होऊन बाहेरच जातो, त्यामुळे एवढ्यावर सगळं उलगडत नाही.

‘नुसता परिणाम’ मात्र पटत नाही. एसडीएच किंवा एफएच या क्रेब्ज चक्रातल्या (मायटोकॉन्ड्रियात चालणारा श्वसनाचा टप्पा) एन्झाइमांची जनुकं निकामी झाली की सक्सिनेट किंवा फ्युमरेट साचतं. एचआयएफ-१ अल्फा हे ऑक्सिजन कमी पडल्यावर कामाला लागणारं प्रथिन मोडीत काढण्याची सोय त्याने अडते आणि ऑक्सिजन असतानाही पेशी तो नसल्यासारखी वागते. एसडीएचमुळे पॅरागँग्लिओमा (चेतासंस्थेशी निगडित पेशींची गाठ), एफएचमुळे मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक कॅन्सर. इथे सुरुवातच चयापचयातून आहे. आयडीएच१ (चयापचयातलंच आणखी एक एन्झाइम) पण वाचा: बिघडलेलं एन्झाइम २-हायड्रॉक्सिग्लुटारेट बनवतं, त्याने डीएनए आणि हिस्टोन (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) यांच्यावरचे मिथाइल गट निघत नाहीत आणि पेशी अपक्व राहते. ग्लिओमा (मेंदूतली गाठ) आणि रक्ताच्या कॅन्सरमधे हे सापडतं. याच एन्झाइमवरच्या आयव्होसिडेनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ मधे मान्यता मिळाली.

धागाकर्ता:
आभार! आयडीएचचं माहीतच नव्हतं. जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडली तरी पुरतं का?

प्रतिसाद १:
आयडीएचमधे हो, कारण एन्झाइमला नवीनच काम जडतं. एसडीएच, एफएचमधे सहसा दुसरी प्रतही जावी लागते. सेमिनारमधे हा फरक नक्की विचारतील.