मदत हवी आहे: मिग-२१ च्या मॉडेलवर तिरंगी गोल, टेप काढली की रंगच उपटून येतोय

ओझरची_लेक
डीकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) पिवळे पडलेत. एक पाण्यात टाकून बघितला तर पापडासारखे तुकडे झाले. म्हणून टेपचे मास्क कापून राउंडेल, म्हणजे ते तिरंगी गोल, रंगवायला घेतले. पहिल्या गोलात केशरी पांढऱ्यात घुसला. दुसऱ्यात टेप काढताना पांढरा आणि त्याखालची चंदेरी दोन्ही टेपबरोबर आले, खाली करडं प्लास्टिक दिसतंय. अजून चार गोल बाकी आहेत. रविवारी बाबांना ७५ पूर्ण होताहेत. काय चुकतंय? नवे डीकल मागवा असं कृपया कोणी सांगू नका, वेळ नाही.

चिकट_टेप
स्केल काय? रंग कुठला? एअरब्रश, स्प्रे कॅन की साधा ब्रश? प्राइमर मारलाय का? टेप कुठली? काहीच लिहिलं नाहीये. कुंडली मांडू का?

ओझरची_लेक
१/४८. रंग पाण्यातले, बाटलीतले. एअरब्रश भाच्याचा. टेप घरातलीच आहे.

पंख्याला_टांगलेलं
ताई, जुने डीकल फेकू नका. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून चार दिवस उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच जातो. मग त्यावर क्लिअरचा (पारदर्शक रंगाचा) हात मारा, वाळू द्या, मग पाण्यात घाला. तुकडे होत नाहीत. माझे वीस वर्षं जुने असेच वाचले.

चिकट_टेप
ऊन? बाहेर पाऊस बघितलात का? आणि त्यांनी डीकलचं विचारलेलंच नाही. ताई, "घरातली" म्हणजे पॅकिंगची खाकी की वायरमनची काळी? प्राइमरचंही उत्तर राहिलं.

ओझरची_लेक
रंगारी दाराच्या चौकटीला लावतात ती कागदी. प्राइमर नाही मारला, प्लास्टिक गुळगुळीतच होतं.

चिकट_टेप
सापडला चोर. गुळगुळीत प्लास्टिकवर पाण्यातला ऍक्रेलिक नुसता साय धरल्यासारखा बसतो, पकडत नाही. त्यावर रंगाऱ्याची टेप, मग तो उपटणारच. ती टेप जाडही असते, कडेला फटी राहतात आणि रंग आत जातो. मॉडेलवाल्यांची पिवळी टामिया टेप आणा. लावण्याआधी दोन-तीनदा तळहाताला चिकटवून काढा, चिकटपणा उतरतो. कंपास कटरने काचेवर तिन्ही वर्तुळं एकाच टोकावरून कापा आणि कड्या टाकू नका, सगळ्या लागतात. टोकाखाली टेपचा एक जादा तुकडा ठेवा, नाहीतर मधोमध भोक पडतं.
आधी पूर्ण गोल पांढरा. मग मधली चकती आणि पांढऱ्याची कडी लावून केशरी. मग केशरी झाकून चकती तेवढी उचला, हिरवा मारा. दर रंगाआधी टेपच्या कडेवर खालचाच रंग हलका फवारा. जे झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं, वरचा आत जात नाही.

उलटा_मास्क
वरचं सगळं बरोबर, पण चंदेरीवर टेप लावायचीच कशाला? पाण्यातली चंदेरी टेपने हमखास उचलली जाते. उलट करा. प्राइमर, त्यावर गोल, गोल सुकला की त्यावर टेपची चकती, आणि मग आजूबाजूला चंदेरी. टेप चंदेरीला शिवतच नाही.

चिकट_टेप
आणि गोल खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो त्याचं काय? चंदेरीची कड वर राहते.

उलटा_मास्क
तुमच्या पद्धतीत तीन थरांचा उंचवटा राहतो तो चालतो वाटतं? पातळ मारा, २००० च्या पाणपेपरने हलकं घासा, वरून क्लिअर. संपलं.

डॅलसकर
मी तर कटिंग मशीन घेतलं आहे. स्क्रीनवर आखायचं, ओरामास्कच्या मास्किंग फिल्मवर कापून येतं. हाताने वर्तुळं कापायचे दिवस गेले.

ओझरची_लेक
इथे नाशकात बुधवारी रात्री ते मशीन कुठून आणू?

नंबरप्लेट
गाड्यांच्या नंबरप्लेटचं रेडियम कापणाऱ्याकडे जा, त्याच्याकडे प्लॉटर (कापायचं मशीन) असतो. पण नेहमीचं स्टिकरचं विनाइल मागू नका, फार चिकट, पुन्हा तेच होईल. टामिया टेपच्या पट्ट्या मेणकागदावर शेजारी शेजारी लावून तो कागद त्याला द्या. मी पुण्यात करून घेतलंय. आधी तो हसतो, मग कापून देतो.

जुना_गडी
थोडं अवांतर. कुठलं मिग? मिग-२१ चा एफएल प्रकार असेल तर ७१ च्या युद्धात त्यांच्यावर घाईघाईत हिरवे-तपकिरी पट्टे फासले होते. चंदेरी ठेवायचं तर आधीचं साल धरा. पोटाखाली तोफेचा जीपी-९ पॉड (बाहेरून लावायचा डबा) लावलात का? एफएलला आत तोफ नव्हती.

ओझरची_लेक
एफएलच. बाबा ओझरला कारखान्यात लागले तेव्हा तेच बनत होतं, ते चंदेरीच सांगतात. पॉड लावलाय.

फक्त_वाचक
उडत्या शवपेटीचं मॉडेल कशाला करायचं? राफेल करा, छान दिसतं.

जुना_गडी
हे लिहिण्याआधी १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ नी काय केलं ते वाचा.

ओझरची_लेक
२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा बाबा टीव्हीसमोरून हलले नाहीत, चहा तसाच गार झाला. त्यामुळे राफेल नको. आता रंगाचं सांगा: आधीचं सगळं काढू की तेवढंच दुरुस्त करू?

उलटा_मास्क
सगळंच काढा. खाली प्राइमर नाही म्हणजे उरलेलाही आज ना उद्या उपटणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हळूहळू पुसा, कॅनोपीला (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला) लागू देऊ नका. प्राइमर लॅकरचा असेल तर पाऊस चालू असताना मारू नका, दमट हवेत पांढुरका पडतो.

ओझरची_लेक
(शनिवार, रात्री ११.३०) उलट्या पद्धतीने केलं. टामिया टेप भाच्याच्या मित्राकडे निघाली. रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, टेप तिच्याच अंगावर दुमडून हळूच ओढली, कड ब्लेडने कापल्यासारखी आली! सहापैकी पाच छान. डाव्या पंखाखालच्या गोलात हिरवं टिकलीभर सरकलंय, पण ते पोटाकडे आहे, पुसत बसले नाही.
आता एकच. नंबरमध्ये ८ आहे. त्याच्या आतले दोन ठिपके जागेवर कसे बसवायचे? मास्क उचलला की तेच सुटून पडतात.

चिकट_टेप
हे बुधवारी विचारायचं होतं! मास्क सोलायच्या आधी वरून एक रुंद टेप लावा, तिचाही चिकटपणा काढून. मग आकडा आणि ठिपके एकदम उचला, एकदम बसवा, वरची टेप सावकाश काढा. पोटावरच्या बारीक अक्षरांच्या नादी लागू नका, त्याला डीकलच.

पंख्याला_टांगलेलं
मी तेच म्हणत होतो.