मदत हवी आहे: डेब पॅकेज जुन्या डेबियनवर बसत नाही, लिबसीची अट येते कुठून?

नमस्कार मंडळी,

सी++ मधला एक छोटा प्रोग्रॅम आणि त्याची शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) अशी दोन डेब पॅकेजेस, म्हणजे डेबियन-उबुंटूवर बसवायच्या फाइली, मी सांभाळते. बिल्ड उबुंटू २४.०४ वर होतो, तिथे सगळं सुरळीत चालतं. तेच पॅकेज डेबियन १२ वर टाकायला गेलं की ॲप्ट (पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) अडून बसतं: लिबसी६ (जीलिबसी या मूलभूत सी लायब्ररीचं पॅकेज) किमान २.३८ हवं, इथे २.३६ आहे.

ही अट मी लिहिलेली नाही. पॅकेजची माहिती आणि अटी असतात त्या कंट्रोल फाइलमध्ये 'श्लिब्ज:डिपेंड्स' एवढा व्हेरिएबल आहे, म्हणजे आकडा डीपीकेजी-श्लिबडेप्सने (लायब्ररींच्या अटी शोधणारं टूल) भरला हे उघड आहे. पण कशाच्या जोरावर? ऑब्जडंप या टूलने बायनरीतले सिम्बॉल (फंक्शनांची नोंदलेली नावं) पाहिले, तर २.३८ समोर एकच नाव दिसतं: '__आयएसओसी२३_स्ट्रटोल'. माझ्या कोडमध्ये हे नाव कुठेच नाही. मी साधं स्ट्रटोल (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) वापरलंय, तेही कमांड लाइनवरून पोर्ट नंबर वाचायला!

दुसरी अडचण बरोबर उलटी. लायब्ररीच्या १.४ मध्ये एक फंक्शन वाढवलं, जुनं काही काढलं नाही, म्हणून एसओनेम (प्रोग्रॅम लायब्ररीला ज्या नावाने शोधतो ते) तोच ठेवला. एका मशीनवर नवा प्रोग्रॅम बसला, लायब्ररी मात्र १.२ च राहिली. ॲप्टने हूं की चूं केलं नाही, आणि चालवल्यावर 'अनडिफाइंड सिम्बॉल'.

दोन्ही अटी हातानेच लिहून टाकू का? स्टॅटिक लिंक करा (लायब्ररी प्रोग्रॅममध्येच भरा) असं कृपया सांगू नका, लायब्ररी इतर प्रोग्रॅमही वापरतात.

प्रतिसाद

लिबसीची अट हाताने सैल करू नका. ॲप्ट गप्प बसेल, पण चालवताना लायब्ररी जोडणारा लोडर गप्प बसणार नाही. 'जीलिबसी_२.३८' ही मागणी बायनरीतच नोंदलेली आहे, त्यामुळे २.३६ वर प्रोग्रॅम मेनपर्यंत (जिथून त्याचा कोड सुरू होतो) पोचायच्या आधीच मान टाकेल. आत्ता निदान इन्स्टॉल करतानाच कळतंय.

स्ट्रटोलचं म्हणाल तर, सी२३ (सी भाषेचं नवं मानक) मध्ये '०बी१०१' अशा बायनरी आकड्यांना मान्यता मिळाली आणि स्ट्रटोलनेही ते ओळखावेत असं ठरलं. जुन्या प्रोग्रॅमांची वागणूक बदलू नये म्हणून जीलिबसी २.३८ ने नव्या वागणुकीला वेगळं नाव दिलं. हेडर फाइल तुमचं स्ट्रटोल परस्पर तिकडे वळवते. जी++ हा सी++ कंपायलर '_जीएनयू_सोर्स' ही जादा सोयी देणारी खूण स्वतःच चालू ठेवतो, त्यामुळे सी++ वाल्यांना हे न मागता मिळतं.

ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर चालवायचंय तिथे बिल्ड करा. एसबिल्ड या टूलने डेबियन १२ चं चरूट (तुमच्याच मशीनवरची वेगळी, बंदिस्त सिस्टिम) उभं केलं की झालं. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही.

लायब्ररीचं दुखणं वेगळं आहे. पॅकेज बांधणाऱ्या डेबहेल्पर टूल्सची तुमची कॉम्पॅट लेव्हल (त्यांनी कोणत्या पिढीच्या नियमांनी वागावं तो आकडा) १२ च्या खालची असणार. तिथे डीएच_मेकश्लिब्ज, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्यांसाठीची अट लिहिणारं टूल, काही न सांगितल्यास आवृत्तीशिवायच अट लिहितं. प्रोग्रॅमच्या पॅकेजमध्ये हाताने १.४ लिहिलंत तर तो एक प्रोग्रॅम सुटेल, लायब्ररी वापरणारे बाकीचे तसेच राहतील. दुरुस्ती लायब्ररीच्या पॅकेजमध्येच हवी. तिचा इंटरफेस साध्या सीचा असेल तर सिम्बॉल्स फाइल ठेवा. त्यात प्रत्येक फंक्शन कोणत्या आवृत्तीत आलं ते लिहिलेलं असतं, म्हणून नवं फंक्शन न वापरणाऱ्याला १.२ सुद्धा चालतं. इंटरफेस सी++ चा असेल तर माझं मत, त्या फंदात पडू नका. टेम्प्लेट्समुळे (ज्यांपासून कंपायलर स्वतः फंक्शनं तयार करतो ते साचे) कंपायलर बदलला की सिम्बॉलची यादी बदलते. सरळ कॉम्पॅट वाढवा, किमान आवृत्ती आपोआप येईल. थोडी जास्त कडक येईल, पण चालतंय.

धागाकर्ती

कॉम्पॅट खरंच ११ निघाली. आणि इंटरफेस सी++ चाच आहे. आता एक शंका: डेबियन १२ वर बिल्ड केलं की 'लिबएसएसएल३' (ओपनएसएसएल लायब्ररीचं पॅकेज) अशी अट येते. उबुंटू २४.०४ वर तर ते पॅकेज 'लिबएसएसएल३टी६४' झालंय. तिथे अडेल ना?

प्रतिसाद

एएमडी६४ वर, म्हणजे नेहमीच्या ६४ बिटी पीसीवर, नाही अडणार. तिथे टाइम_टी (वेळ साठवायचा प्रकार) आधीपासूनच ६४ बिटी असल्यामुळे एबीआय (प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यातला बायनरी पातळीवरचा मेळ) बदललेला नाही. नवं पॅकेज 'प्रोव्हाइड्स' या ओळीतून जुनं नावही पुरवतं. ३२ बिटी एआरएम मशीन असेल, म्हणजे आर्मएचएफ, तर मात्र २४.०४ साठी वेगळा बिल्ड करावाच लागेल.