पोरं गेली म्हणून रडायचं नाही?

जर्नलस्क्वेअरकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'बास्केटबॉल खेळाडू एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेला तर रडता कशाला? आपण नाही का नोकऱ्या बदलत?' रात्रभर डोक्यातून जाईना. मी जर्सी सिटीत, सेंट पीटर्स कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांवर राहतो. मार्च 2022 मध्ये अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधराव्या सीडच्या (सोळा मानांकनांत शेवटून दुसऱ्या) या छोट्या कॉलेजने केंटकीला ओव्हरटाइममध्ये 85-79 हरवलं, मग मरे स्टेट, मग पर्ड्यू. पंधरावा सीड एलिट एटमध्ये, म्हणजे शेवटच्या आठांत, त्याआधी कधीच पोचला नव्हता. न्यूअर्क अव्हेन्यूवरचे वाणसामानवाले काका मला स्कोअर विचारायचे! नॉर्थ कॅरोलायनाने आम्हाला थांबवलं आणि काही आठवड्यांत संघ फुटला. एडर्ट ब्रायंटला, एन्डेफो सीटन हॉलला, बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. ज्यांच्यासाठी घसा बसवला, त्यातले मोजके उरले. नोकरी बदलणाऱ्याच्या नावाने कुणी गल्लीत ओरडत नाही हो.

लाफायेटवाला:
तुम्ही हरवलेल्या पर्ड्यूचा मी. 67-64, अजून बोचतं. पण तुमच्या कोच हॉलोवेचं नाव का गाळलंत? तो आठवडा उलटायच्या आत सीटन हॉलला गेला. स्वतःचं जुनं कॉलेज, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. पोरं त्याच्या शब्दावर आली होती. तो गेल्यावर त्यांनी कुणासाठी थांबायचं? 2021 पर्यंत पोराने कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर, आणि कोच दुसऱ्या दिवशी नव्या कामावर. हा न्याय होता?

एडिसनची आई:
तुम्ही आत पोचलेल्यांचं बोलताय. माझ्या मुलाला अकरावीत एका कॉलेजचे कोच दर आठवड्याला फोन करायचे. बारावीत फोन बंद. मीच विचारलं तेव्हा कळलं, पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, बावीस-तेवीस वर्षांचा तयार गडी मिळतो, अठराच्या पोराला घडवत कोण बसणार. सहा वर्षं पहाटे पाचला उठून जिमला सोडलंय मी त्याला.

लाफायेटवाला:
वाईट वाटलं वाचून. पण घडवणारे संपलेले नाहीत. आमच्या पर्ड्यूचा झॅक एडी, सात फूट चार इंच. 2023 मध्ये सोळाव्या सीडकडून हरून आमची लाज गेली, तरी तो राहिला आणि 2024 ला आम्ही फायनल खेळलो.

एफवनवाला:
राहिला, पण काय हाती लागलं? तो कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर. 1 जुलै 2021 पासून बाकीच्यांना आपल्या नावावर कमवायची मुभा. हा दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू, पण इथे उभं राहून जाहिरात करायची तर व्हिसा धोक्यात. मीही तसल्याच एफ-वन विद्यार्थी व्हिसावर मास्टर्सला असताना मेसमध्ये आठवड्याला वीस तास भांडी घासली. एकविसावा तास नाही.

जर्नलस्क्वेअरकर:
व्हिसाचं इथे कशाला? नियम माहीत असूनच आलो ना आपण सगळे?

एफवनवाला:
'माहीत असूनच' म्हणणं सोपं आहे. वडिलांच्या ऑपरेशनला पैसे पाठवायचे होते, मेसचा मॅनेजर जास्तीची शिफ्ट द्यायला तयार होता आणि मी नाही म्हणालो. घरी खोटं सांगितलं की काम मिळत नाहीये. तुमच्या संघातली चार पोरं गेली एवढंच दुःख का?

जर्नलस्क्वेअरकर:
आवाज चढवू नका. मला हे माहीत नव्हतं.
हॉलोवेचं मान्य, आधी कोचला बांधा. फ्लोरिडा अटलांटिक कॉलेजचा अलिजा मार्टिन 2023 च्या फायनल फोरनंतरही, म्हणजे शेवटच्या चारांत पोचूनही, थांबला होता. त्याचा कोच डस्टी मे मिशिगनला गेला तेव्हा हाही निघाला आणि 2025 ला फ्लोरिडा या वेगळ्या कॉलेजसाठी विजेतेपद जिंकला. त्याला दोष देता येत नाही. पण 2024 पासून कितीही वेळा बदला, हे मला पटणार नाही. एकदा ठीक. त्याच वर्षी आम्ही पुन्हा स्पर्धेत पोचलो आणि मला अर्ध्या संघाची नावं येत नव्हती.

लाफायेटवाला:
एकदाचं मीही मानतो, कोचलाही तेच लावलं तर. आणि एडीला एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या मेम्फिस संघाने निवडीत नवव्या क्रमांकावर घेतलं, त्याचं भलं झालं.

एफवनवाला:
तो सात फूट चार इंच होता. बाकी परदेशी पोरांना कोणतं मेम्फिस?

एडिसनची आई:
माझा डिव्हिजन थ्रीत, म्हणजे कॉलेज खेळाच्या तिसऱ्या स्तरावर, खेळणार आहे. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, फी आम्हीच भरणार. नोव्हेंबरात पहिली मॅच आहे.