झोपेबद्दल कुणीच बोललं नाही

किशोरवयीन मुलं आणि सोशल मीडिया या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की हे वय सरलं की सोशल मीडियाचं वेड आपोआप ओसरतं, मागे काही राहत नाही. मला हे पटत नाही. 'पिढी बरबाद झाली' हा सूरही पटत नाही, कारण ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये लाखो किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचाच डिजिटल वापराशी संबंध दिसला. पण ती सरासरी आहे. सरासरीत एकटं पडलेलं मूल दिसत नाही.

मला खरी काळजी झोपेची आहे. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, मुळातच उशिरा स्रवतं, शाळा मात्र सकाळीच. त्यात २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनं तयार केलेलं न संपणारं स्क्रोल (त्याला स्वतःलाही पुढे त्याचा पश्चात्ताप झाला). पानच संपत नाही, तर थांबायचं कुठे? मेंदूतला आवर घालणारा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणजे 'जरा ताबा ठेव' म्हणताना आपण मुलांकडे नेमकं तेच मागतो, जे त्यांच्याकडे अजून पुरतं आलेलं नाही.

आमच्याकडे रात्री सगळ्यांचे फोन, आम्हा मोठ्यांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत राहतात. पहिले आठ दिवस फार चिडचिड झाली.