अंदमानच्या कोठडीची प्रतिकृती: मापं आणि कडी

प्रश्न (धुळे): शाळेच्या प्रदर्शनासाठी सेल्युलर जेलची कोठडी पुठ्ठ्यात करायची आहे. मापं काय घ्यावीत? कडी कुठे दाखवावी?

जळगाव: कोठडी साधारण ४.५ मीटर लांब, २.७ रुंद, झरोका ३ मीटरवर. १:१० धरलं तर ४५ बाय २७ सेंमी, झरोका ३० वर. कडीकुलूप दारावर चिकटवू नका, हमखास होणारी चूक! लांब अडसर दाराबाहेर निघून बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात जायचा, कुलूप तिथेच. गजांतून हात कितीही ताणला तरी पोचत नसे.

नंदुरबार: पूर्ण इमारत करणार असाल तर मधोमध मनोरा आणि त्याला फुटलेल्या ७ तीनमजली चाळी. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडेच हवं. समोरासमोर लावल्या की एकांतवासाचा मुद्दाच गेला. बांधकाम १८९६ ते १९०६. आज ३ चाळी उरल्यात.

अमळनेर: भाऊ, कोलूही ठेवा. आपल्याकडे घाण्याला बैल, तिथे माणूस जुंपलेला. रोज ३० पौंड खोबरेल, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. कमी भरलं की शिक्षा.